कोणत्या दाराने विचारले?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या संगणकावर दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीतून मी दूरच्या एका यंत्रावर ठेवलेल्या जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती उतरवून घेणार होतो. दुसरी सकाळपासून नुसती उघडी होती. तिच्यात दिवसभराची किरकोळ कामे केली होती. पहिल्या खिडकीत दूरच्या यंत्राशी जोडणी करण्याची आज्ञा दिली आणि ती गप्प झाली. ना होकार, ना नकार. पावसात आमच्याकडे नेट जाते, म्हणून पाच मिनिटे थांबलो. मग सहज दुसऱ्या खिडकीकडे पाहिले, तर तिथे एक चौकट उभी राहून माझ्याकडे परवलीचे वाक्य मागत होती.

मी ते टाईप केले. निम्मी अक्षरे चौकटीत गेली. उरलेली निम्मी त्याच खिडकीत मागे बसलेल्या शेलने, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामने, उचलली आणि पडद्यावर उघडी छापली. शेवटचा एंटरही त्याच्याच वाट्याला आला. ‘अशी आज्ञा सापडली नाही,’ असे त्याने कळवले आणि माझ्या गुपिताचा अर्धा भाग आज्ञांच्या इतिहासाच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवला.

नुकसान काही झाले नाही. वाक्य बदलले, फाइल पुसली. पण मी खुर्चीतून उठलो तो बराच वेळ परत बसलो नाही. प्रश्न एका सत्रात निर्माण झाला, विचारला गेला दुसऱ्याच सत्रात, आणि मी कोण विचारतो आहे हे न पाहता उत्तर देऊन मोकळा झालो. हे मी आयुष्यात एकदा, दुसऱ्याच्या बाबतीत, फार जवळून पाहिले होते. तेव्हा मला त्यातले काही कळले नव्हते. त्याविषयी पुढे येईलच.

परवलीचा शब्द ही मुळात पहारेकऱ्याची सोय. पॉलिबियसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन छावणीचे वर्णन केले आहे, त्यात हा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकडीतुकडीतून फिरवला जाई आणि अंधार पडण्यापूर्वी सगळ्या पाट्या अधिकाऱ्याकडे परत आल्या की नाही हे पाहिले जाई. एखादी आली नाही, तर ती कुठे अडली हे खुणांवरून कळे. व्यवस्था चोख होती. पण तीत एक गोष्ट गृहीत होती: विचारणारा आपलाच आहे. संशय येणाऱ्यावर घ्यायचा, दारावर नाही. संगणकाने परवलीचा शब्द उचलला, तेव्हा हे गृहीतकही त्याच्याबरोबर आले. ते दुरुस्त करण्यात पुढची तीस-पस्तीस वर्षे गेली, आणि दुरुस्ती अजून पुरी झालेली नाही.

संगणकावर पासवर्डची सुरुवात कुठे झाली या प्रश्नाला सहसा एकच उत्तर दिले जाते: अमेरिकेतील एमआयटी, आणि तिथली सीटीएसएस ही यंत्रणा. एकाच महागड्या यंत्राचा वेळ अनेकांत वाटून द्यायचा, प्रत्येकासमोर एक टर्मिनल ठेवायचे आणि यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असा भास निर्माण करायचा, ही तिची कल्पना. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये आयबीएम ७०९ या यंत्रावर तिचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले. यंत्र एक आणि माणसे अनेक, म्हटल्यावर कोणाच्या फाइली कोणाच्या हे ठरवणे आले. त्यासाठी प्रत्येकाला एक शब्द दिला गेला.

तो फुटायला फारसा वेळ लागला नाही. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत, ते पुरत नसत. फाइल छापून हवी असेल तर पंच केलेले कार्ड टाकून मागणी करता येई. त्याने १९६२ मध्ये पासवर्डांच्या फाइलचीच मागणी टाकली आणि छापील प्रत सकाळी लवकर जाऊन उचलून आणली. यंत्राने काहीच चूक केली नव्हती. छापायला सांगितले, त्याने छापले. शेरने याची कबुली पंचवीसएक वर्षांनी दिली.

मला मात्र त्याच यंत्रणेवरचा दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. साठच्या दशकाच्या मध्यावर एका दुपारी सीटीएसएसवर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर रोजच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी छापली जाऊ लागली. कारण साधे होते. मजकूर संपादित करण्याचा प्रोग्राम एका वेळी एकच माणूस वापरील असे धरून लिहिलेला होता, आणि तो तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव देई. त्या दिवशी व्यवस्थापकांपैकी दोघे एकाच जागेतून काम करत होते. एक सूचनेची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डांची. तात्पुरत्या फाइली अदलाबदल झाल्या. हे लक्षात येताच एका वापरकर्त्याने मुद्दाम यंत्रच बंद पाडले, म्हणजे आणखी कोणाला लॉगिन करता येऊ नये. माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत शहाणपणाचे काम तेच होते. कॉर्बातोंनी १९९० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला. त्या व्याख्यानाचा विषयच अपयशी ठरणाऱ्या यंत्रणा कशा बांधाव्यात हा होता.

या घटनेतून जगाने जो धडा घेतला तो साठवणुकीचा. पासवर्ड उघडे ठेवू नयेत. त्यांचे असे रूपांतर करून ठेवावे की उलट वाचता येऊ नये. ती युक्ती केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी योजली होती. युनिक्सवर तिचे काय झाले, ते रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांच्या १९७९ च्या निबंधात आहे, आणि सीटीएसएसची ही गोष्टही त्यात येते. धडा योग्यच होता. पण त्या दुपारच्या बिघाडाला दुसरीही बाजू होती: एका कामाचा मजकूर दुसऱ्याच कामाच्या तोंडून बाहेर पडला होता, आणि वाचणाऱ्याला ते ओळखण्याचे काहीच साधन नव्हते. टर्मिनलवर येते ती फक्त अक्षरे. ती कोणी पाठवली हे अक्षरांवर लिहिलेले नसते.

मग यंत्र आणि टर्मिनल यांच्यातले अंतर वाढू लागले. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील यंत्रावर अर्पानेटवरून लॉगिन करण्याचा प्रयत्न केला. पलीकडे बिल डुव्हाल फोनवर होता. ‘एल’ पोहोचला, ‘ओ’ पोहोचला, ‘जी’वर यंत्र बंद पडले. पलीकडचे यंत्र इतके उत्साही होते की ‘लॉग’ एवढे दिसताच उरलेला ‘इन’ जोडून सगळी अक्षरे ते एकदमच परत पाठवू लागले, आणि एका वेळी एकच अक्षर घेण्याची तयारी असलेल्या प्रोग्रामला ते झेपले नाही. तासाभराने दुरुस्ती होऊन लॉगिन झाले. दूरस्थ लॉगिनच्या इतिहासातला पहिला बिघाड हा असा, प्रश्न कोणी विचारायचा आणि उत्तर कोणी पुरे करायचे याच गोंधळाचा होता, याची मला गंमत वाटते.

युनिक्स लिहिणाऱ्यांनी या गोंधळावर एक सुंदर तोडगा काढला होता. एखाद्या प्रोग्रामचा मजकूर फाइलकडे वळवलेला असू शकतो, त्याला येणारी माहिती दुसऱ्या प्रोग्रामकडून येत असू शकते. अशा वेळी पासवर्ड विचारायचा कोणाला? म्हणून युनिक्समध्ये एक खास नाव आहे, ‘देव्ह-टीटीवाय’. प्रत्येक प्रोग्रामपुरता त्याचा अर्थ ‘माझा स्वतःचा टर्मिनल’ असा होतो. वाटा कुठेही वळवलेल्या असोत, पासवर्ड विचारणारा प्रोग्राम हे नाव उघडतो, अक्षरे पडद्यावर उमटणे थांबवतो आणि समोर बसलेल्या माणसालाच विचारतो. जोवर प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचा टर्मिनल असतो, तोवर हे बिनचूक चालते.

आणि तरीही ते एका बाजूनेच बिनचूक होते. यंत्राला माणूस सापडला. माणसाला यंत्र सापडले की नाही, हे कोणी विचारले नाही.

आता त्या जुन्या प्रसंगाकडे येतो. डॉ. सी. रंगराजन समितीचा बँकांच्या संगणकीकरणाबाबतचा अहवाल १९८४ मध्ये आला, आणि पुढच्या दहा वर्षांत शाखाशाखांतून युनिक्सची यंत्रे आणि त्यांना वायरने जोडलेले हिरव्या अक्षरांचे टर्मिनल दिसू लागले. अशाच एका बँकेच्या शाखेत मी नव्वदच्या दशकात ऑपरेटर होतो. कॉम्प्युटरचे शिक्षण म्हणाल तर तीन महिन्यांचा एक कोर्स, आणि बाकी सगळे मॅन्युअल वाचून. शाखेत कॉम्प्युटरमधले ‘कळणारा’ मी एकटा.

कारकून एंट्री करी, अधिकारी आपल्या पासवर्डने ती पास करी. एके दिवशी अशी एक एंट्री पास झालेली निघाली, जी आमच्या एका अधिकाऱ्यांनी पाहिलीही नव्हती. पैसे गेले होते. खातेनिहाय चौकशी लागली. साहेबांचे म्हणणे एकच होते: मी ती पास केलेली नाही, आणि हो, त्या सकाळी एका टर्मिनलवर माझा पासवर्ड पहिल्यांदा घेतला गेला नाही, दुसऱ्यांदा घेतला गेला, एवढे मला आठवते. चौकशी अधिकाऱ्याने मला बोलावले. पासवर्डशिवाय एंट्री पास होऊ शकते का, असे विचारले. मी म्हणालो, नाही. पासवर्ड यंत्रातून काढून घेता येतो का? नाही, तो उलट वाचता येत नाही, मी म्हणालो. मॉरिस आणि थॉम्प्सन यांचे नाव तेव्हा मला ठाऊक नव्हते, पण मी त्यांचाच निष्कर्ष सांगत होतो. मग पासवर्ड दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग कोणता? मालकाने सांगितला तरच, मी म्हणालो. साहेबांच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि त्यांची बदली झाली. माझ्या जबाबावर माझी सही आहे.

पुढे काही वर्षांनी, रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका पुस्तकात, मला ‘खोटे लॉगिन’ भेटले. युक्ती इतकी बाळबोध आहे की लाज वाटावी. टर्मिनलवर स्वतःच्या नावाने लॉगिन करायचे. सात-आठ ओळींचा एक प्रोग्राम चालू करून उठून जायचे. तो पडदा पुसून हुबेहूब खऱ्यासारखा प्रश्न छापतो: नाव काय, पासवर्ड काय. येणारा माणूस दोन्ही देतो. प्रोग्राम ते फाइलमध्ये लिहितो, ‘लॉगिन चुकले’ असे छापतो आणि स्वतः संपतो, जाता जाता त्या सत्रालाही संपवतो. मग यंत्राचा खरा प्रश्न येतो. माणूस म्हणतो, बोट चुकले असेल, आणि पुन्हा टाईप करतो. पहिल्यांदा घेतला नाही, दुसऱ्यांदा घेतला.

माझ्या रात्रीच्या चौकटीत आणि या युक्तीत फरक हेतूचा आहे, रचनेचा नाही. दोन्हीकडे माणूस दुसऱ्याच कोणाच्या सत्रात बसून आपल्या सत्राच्या प्रश्नाला उत्तर देतो.

यावरचा उपाय अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका दस्तऐवजात लिहिलेला होता, मुखपृष्ठाच्या रंगावरून सगळे त्याला ऑरेंज बुक म्हणत. तो १९८३ मध्ये निघाला आणि डिसेंबर १९८५ मध्ये सुधारून पुन्हा निघाला. त्यात यंत्रणांच्या विश्वासार्हतेच्या पायऱ्या आहेत, आणि बी-२ या पायरीपासून वर ‘विश्वसनीय मार्ग’ बंधनकारक आहे: लॉगिन करताना माणूस आणि यंत्रणेचा गाभा यांच्यात असा रस्ता हवा, ज्यात तिसरा प्रोग्राम शिरू शकत नाही. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की एक बटण किंवा बटणांची जोडी अशी ठेवायची जी फक्त यंत्रणेलाच ऐकू जाते. ती दाबली की समोर जे काही सोंग चालू असेल ते बाजूला होते. म्हणजे आधी माणसाने दाराला हाक मारायची, मग दाराने प्रश्न विचारायचा.

ही हाक आपण सर्वांनी कधी ना कधी मारलेली आहे. आयबीएमच्या बोका रेटन येथील गटातील डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पीसीसाठी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबण्याची सोय केली, ती यंत्र पटकन पुन्हा सुरू करता यावे म्हणून. चुकून दाबली जाऊ नयेत अशी बटणे निवडली, एवढेच. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी आली आणि लॉगिन करण्यापूर्वी हीच तीन बटणे दाबायला सांगू लागली, कारण सामान्य प्रोग्रामला ती अडवता येत नव्हती. कार्यालयांतून लाखो लोकांनी ती दाबली आणि का दाबायची हे त्यांना क्वचितच कोणी सांगितले. बिल गेट्स यांनी २०१३ मध्ये ही रचना चूक होती असे जाहीरपणे म्हटले; त्यांना एकच बटण हवे होते. गैरसोयीबद्दल ते खरे असेल. पण ज्याने आमच्या शाखेतला तो हिरवा टर्मिनल पाहिला आहे, त्याला तीन बटणांचे ओझे वाटणार नाही.

दूरस्थ लॉगिनवर मात्र ही हाक चालत नाही. बटण माझ्या यंत्राला ऐकू जाते, शेकडो मैलांवरच्या नाही. टेलनेटवर तर पासवर्ड वाटेत उघडाच जाई. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असे पासवर्ड गोळा करत असल्याचे उघडकीस आले, आणि तिथले संशोधक ताटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिले. ते त्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये मोफत दिले. वर्षअखेर सुमारे पन्नास देशांत वीस हजार लोक ते वापरत असावेत असा अंदाज होता. सगळे त्यातील गुप्तलेखनाची वाखाणणी करतात. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: इथे दारालाही ओळखपत्र आहे. दूरचे यंत्र आधी आपली किल्ली सिद्ध करते, तुमचा संगणक ती पूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहतो आणि न जुळल्यास मोठ्याने ओरडतो. पहिल्या भेटीत मात्र ‘हे तेच यंत्र आहे का?’ असे तुम्हालाच विचारतो, आणि आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. पॉलिबियसच्या छावणीत पाटी न वाचता पुढे दिली असती, तर शिक्षा झाली असती.

पासवर्ड वाटेत लपवला, तरी तो टाईप होत असल्याचे लपत नव्हते. २००१ मध्ये बर्कली येथील डॉन साँग, डेव्हिड वॅग्नर आणि श्युचिंग त्यान यांनी दाखवले, की एसएसएचच्या सत्रात प्रत्येक अक्षराचे एक पुडके जाते आणि पडद्यावर उमटण्यासाठी दुसरे परत येते. पण आत कोणी पासवर्ड टाईप करू लागला, की परतीची पुडकी थांबतात. ही शांतताच पाळत ठेवणाऱ्याला सांगते, की गुपित आता चालले आहे. आणि दोन अक्षरांमधल्या वेळेवरून अक्षरांबद्दलही काही अंदाज बांधता येतात. ओपनएसएसएचने अक्षरांच्या या लयीवर पांघरूण घालण्याची सोय केली ती २०२३ मध्ये. बावीस वर्षांनी.

आता त्या रात्रीची चौकट. परवलीची वाक्ये पुन्हापुन्हा टाईप करायला लागू नयेत म्हणून ‘एजंट’ आले. तो पडद्यामागे चालणारा एक प्रोग्राम. किल्ल्या त्याच्यापाशी, बाकीचे प्रोग्राम त्याच्याकडे विचारणा करतात. वेर्नर कोख यांनी जर्मनीत १९९७ मध्ये सुरू केलेल्या ग्नूपीजी या संचात असा एक एजंट आहे, आणि २०१४ च्या २.१ आवृत्तीपासून त्याच्यावाचून पान हलत नाही. तो एसएसएचच्या किल्ल्याही सांभाळू शकतो. अडचण अशी, की एसएसएचच्या एजंटशी बोलण्याची जी ठरलेली भाषा आहे, तिच्यात ‘मी अमुक टर्मिनलवरून बोलतो आहे’ हे सांगायला शब्दच नाही. एजंटला स्वतःचा टर्मिनल नाही. त्यामुळे परवलीचे वाक्य हवे झाले, की जिथे तो मुळात सुरू झाला होता त्या टर्मिनलवर तो चौकट उभी करतो. माझ्या बाबतीत ती सकाळची खिडकी. तिथे शेल आधीच वाचत बसला होता. एकाच नळाला दोन बादल्या लागल्या आणि अक्षरे वाटली गेली. हे सगळे त्या एजंटच्या माहितीपानात नीट लिहिलेले आहे, टर्मिनल बदलून घेण्याची आज्ञासुद्धा दिलेली आहे. मी ते पान वाचले नव्हते.

ती आज्ञा आता माझ्या यंत्रात दर सत्राच्या आरंभी आपोआप चालते. पण त्या रात्री मला माहितीपानापेक्षा दुसरेच काही आठवत होते. युनिक्सवर ‘लास्ट’ नावाची एक साधी आज्ञा आहे. कोण, कोणत्या टर्मिनलवर, किती वाजता आले आणि किती वाजता गेले, याची ती यादी देते. खोटे लॉगिन चालवायचे तर चोराला आधी स्वतः लॉगिन करावे लागते, आणि त्याचे सत्र संपते ते साहेबांचे सुरू होण्याच्या आधी काही क्षण. त्या सकाळची यादी छापली असती, तर त्या टर्मिनलवर साहेबांच्या अगदी पाठीला पाठ लावून दुसरे कोणाचे नाव होते की नाही, हे एका कागदावर दिसले असते. दर महिन्याअखेर डिस्कवर जागा करण्यासाठी त्या नोंदी मीच पुसत असे. त्या महिन्याच्याही मीच पुसल्या.

आमच्याकडे तसेच घडले, हे आज सिद्ध होणार नाही. पण ‘मालकाने सांगितला तरच’ हे मी सहीनिशी दिलेले विधान खोटे होते, हे सिद्ध आहे.

साहेब आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, मुलाकडे असतात. दसऱ्याच्या आधी जाऊन आलो. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून मी जवळ बसून सगळे सांगितले. त्यांनी मध्ये काही विचारले नाही. मग म्हणाले, “त्या सात-आठ ओळी लिहून दाखव.” मी वहीच्या कागदावर लिहून दिल्या. चष्मा पुसून त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत अर्थ विचारला.

“आणि ती यादी,” ते म्हणाले, “ती छापायला किती वेळ लागला असता रे?”

“एक मिनिट, साहेब.”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. आतून वहिनींनी चहा झाल्याचे सांगितले.